ओठावर फुटलेला ताप

लग्नाला साडेचार महिने झाले होते तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "तू कुणाकडे गेला होतास?" तो जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्या रात्री तो हॉलमध्ये झोपला. पुढचे नऊ दिवस आम्ही एका घरात राहून दूध, गॅस आणि लाइटबिल जवळजवळ एवढ्यापुरतंच बोललो.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवऱ्याला विचारूनच लिहितेय. लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण गेल्या आठवड्यात मावसबहिणीच्या बाळाचं बारसं झालं आणि तिथून परत येताना गाडीत तोच म्हणाला, "आता लिही."

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आम्ही चार दिवस तारकर्लीला गेलो होतो. लग्न डिसेंबरमध्ये झालं, पण तेव्हा दोघांनाही रजा नव्हती, त्यामुळे ही आमची पहिली सहल. दिवसभर पाण्यात, नाहीतर बोटीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर. डोक्यावर टोपी नाही, ओठांना काही लावलेलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी सोलकढी पिताना तो म्हणाला, "ओठ चुरचुरतोय, ऊन लागलं वाटतं." खालच्या ओठाची डावी कड थोडी लालसर दिसत होती, बाकी काही नाही. फोड नव्हता, जखम नव्हती. त्या रात्री आम्ही जवळ आलो आणि त्यात मुखमैथुनही होतं. आमच्या वयाचे सगळे 'ओरल' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. त्याचं तोंड, माझी योनी. एवढं उघड लिहिते, कारण धोका किती हे सगळं या दिशेवर ठरतं: तोंड कुणाचं होतं आणि अंग कुणाचं.

सकाळी त्याच्या ओठावर मोहरीएवढ्या पाणीदार पुटकुळ्यांचा झुपका आला होता. फोंडा घाट चढून दुपारी आम्ही कोल्हापूरला माझ्या माहेरी जेवायला थांबलो. आईनं बघताक्षणी सांगितलं, "पावण्यांच्या ओठावर ताप फुटलाय." वाटीत साजूक तूप आणून दिलं. तो म्हणाला, "दर उन्हाळ्यात येतं मला. आमच्या आईलाही येतं." सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या घरात, त्यांच्या घरात, तुमच्याही घरात असेल, ओठावरची ही पुटकुळी म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली, ताप निघून गेला, बरं झालं. ती दुसऱ्याला लागते, हे मला बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुण्याला आल्यावर पाचव्या दिवशी मला लघवीला जळजळ सुरू झाली. मला वाटलं उन्हाळी लागली. मे महिना, प्रवास, पाणी कमी प्यायलेलं. धण्या-जिऱ्याचं पाणी घेतलं, सब्जा घेतला. रात्री ताप आला, अंग मोडून आलं. दुसऱ्या दिवशी उजव्या जांघेत अवधाण आलं, चालताना ठणका लागायचा. पायाला कुठं जखम झाली का म्हणून मी तळवे तपासले. मग आरशात पाहिलं तेव्हा दिसलं, खाली चार-पाच पुटकुळ्या आणि दोन फुटून चिघळलेल्या. लघवीच्या थेंबानं सुद्धा जीव जायचा. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की कोमट पाण्याचा तांब्या ओतत ओतत लघवी करायची, म्हणजे आग कमी होते. हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

घराजवळच्या डॉक्टरांना मी फक्त जळजळ सांगितली. पुटकुळ्यांबद्दल तोंडातून शब्द फुटला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या मिळाल्या. लघवीच्या कल्चरमध्ये काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी मी घाबरून 'फोड आहेत' म्हटलं तेव्हा त्यांनी न तपासता रक्ताच्या चाचण्यांची एक यादी लिहून दिली. त्यातली एक होती टॉर्च. गरोदर बायकांना करायला सांगतात ती. संध्याकाळी लॅबचा कागद मोबाइलवर आला. 'हर्पीस सिम्प्लेक्स आयजीएम' या ओळीपुढे ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह'. खाली एक ओळ: डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मी सल्ला घेतला नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत राहिले. जननेंद्रियाचा हर्पीस, लैंगिक संबंधातून पसरतो, बरा होत नाही, जन्मभर राहतो. माझ्या आयुष्यात नवऱ्याआधी कुणी नव्हतं. मग उत्तर एकच उरत होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना मी तो प्रश्न विचारला.

त्यानंही वाचलं. आणि दोन दिवसांनी दारात उभं राहून त्यानं मला विचारलं, कॉलेजमधल्या त्या मुलाबद्दल, ज्याचं नाव मीच त्याला साखरपुड्यानंतर विश्वासानं सांगितलं होतं. मी विचारलं तेव्हा मला ते योग्य वाटलं होतं. त्यानं विचारलं तेव्हा काय वाटलं, ते अजून नीट लिहिता येत नाही.

नवव्या दिवशी आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. माझी थोरली बहीण मागे लागली म्हणून. पाटीवर 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ' असं होतं आणि तो दुसरा शब्द वाचून मी जिन्यातच थांबले. नवरा दोन पायऱ्या पुढे होता. तो परत खाली आला, काही बोलला नाही, माझ्या हातातली फाइल त्यानं घेतली. एवढंच. पण नऊ दिवसांत तो पहिल्यांदा माझ्याजवळ आला होता.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या. त्यांनी मला आत नेऊन तपासलं, एका फोडाच्या तळातून काडीनं स्राव घेतला आणि पीसीआरला, म्हणजे विषाणू थेट शोधणाऱ्या चाचणीला, पाठवला. मग दोघांना समोर बसवून पहिला प्रश्न मला नाही, नवऱ्याला विचारला. "तुमच्या ओठावर कधी फोड येतात का?"

"दरवर्षी येतात. लहानपणापासून."

"हे व्हायच्या आधी आठवडाभरात आले होते?"

तो म्हणाला, "तारकर्लीला." आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो.

त्यांनी लेटरपॅड उलटं केलं आणि एक चेहरा काढला, कानाच्या आतल्या बाजूला एक ठिपका, ठिपक्यापासून ओठापर्यंत एक रेघ. खाली पाठीच्या कण्याच्या शेवटाला दुसरा ठिपका, तिथून दुसरी रेघ. हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार, टाइप १ आणि टाइप २. टाइप १ बहुतेकांना लहानपणीच लागतो, आईच्या, आत्याच्या, आजोबांच्या पापीतून, आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत, त्या वरच्या ठिपक्यात, जाऊन झोपतो. ऊन, ताप, पाळी, जागरण, ताण, असं काही झालं की जागा होऊन रेघेवरून ओठावर येतो. तो ओठ ज्या नाजूक त्वचेला लागेल तिथं तो शिरू शकतो. योनीला लागला तर तिथून खालच्या ठिपक्यात जाऊन बसतो. विषाणू तोच, फक्त मुक्काम दुसरा. "तुमच्या दोघांत तिसरं माणूस असायची गरजच नाही," त्या म्हणाल्या.

मी तो आयजीएमचा कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला. आयजीएम म्हणजे विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणारं एक विरोधी द्रव्य, पण हर्पीससाठी ती भरवशाची चाचणीच नाही, ती टाइप १ आणि २ मधला फरक नीट सांगत नाही, जुना आजार उलटला तरी पॉझिटिव्ह येते, आणि कधी कधी काहीच नसतानाही येते. ज्या कागदावरून आमचा संसार मोडायला निघाला होता त्यावर खरं तर काहीच लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे हा टॉर्चचा कागद किती घरांत किती बायकांच्या हातात पडत असेल, या विचारानं मला अजून राग येतो.

त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण कुणाला तरी उपयोग होईल. फोडाच्या स्रावाचा पीसीआर: त्यात टाइप १ निघाला. माझ्या रक्ताची टाइपनिहाय आयजीजी चाचणी, म्हणजे टिकून राहणाऱ्या विरोधी द्रव्यांची: टाइप १ निगेटिव्ह, टाइप २ निगेटिव्ह. म्हणजे विषाणू फोडात आहे, पण रक्तात त्याची ओळख अजून तयार झालेली नाही, संसर्ग अगदी ताजा आहे आणि आयुष्यातला पहिलाच. ही ओळख तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात. नवऱ्याची आयजीजी: टाइप १ पॉझिटिव्ह, टाइप २ निगेटिव्ह. चार महिन्यांनी माझी पुन्हा केली तेव्हा टाइप १ पॉझिटिव्ह झाली होती. डॉक्टरबाई एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलल्या: आयजीजीवरून विषाणू शरीरात कुठे बसलाय ते कळत नाही आणि कुणाचं चारित्र्यही कळत नाही. कळतं ते इतकंच की ओठावरचा तो झुपका आणि माझे फोड यांचा हिशोब दिवसांसकट जुळतो. संसर्ग झाल्यापासून दोन ते बारा दिवसांत लक्षणं दिसतात, बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी. माझा पाचवा किंवा सहावा दिवस होता.

घरी येताना नवऱ्यानं गाडी कर्वे रस्त्यावर बाजूला घेतली आणि तो रडला. त्याला वाटत होतं त्यानं मला काहीतरी केलं. मला वाटत होतं मी त्याला काय काय बोलले. सासूबाईंनी दीड-दोन वर्षांच्या पोराची पापी घेतली असेल, त्या पापीनं तीस वर्षांनी आमच्या घरात हे घडवलं होतं, आणि त्यात कुणाचाही दोष नव्हता.

आता धोक्याबद्दल. मला आकडा हवा होता. एकदा ओरल केलं तर किती टक्के? डॉक्टरबाईंनी आकडा दिला नाही. त्या म्हणाल्या, टक्के विचारू नका, माणसं विचारा. कुणाच्या तोंडात आहे, समोरच्याला आधीच झालेला आहे का, ओठावर आत्ता काही आहे का. या तिन्हीची उत्तरं मिळाली की धोका आपोआप समजतो.

कुणाच्या तोंडात आहे, याचं उत्तर साधं आहे: बहुतेकांच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये टाइप १ आहे, म्हणजे ६४ टक्के. त्यातल्या कित्येकांना आयुष्यात एकही फोड आलेला नसतो आणि आपल्यात तो आहे हे त्यांना ठाऊकही नसतं. पण ज्याला कधी फोड आला नाही त्याच्या लाळेतही विषाणू अधूनमधून उतरतो. म्हणून 'ओठ स्वच्छ दिसतोय' याचा अर्थ धोका कमी, शून्य नव्हे.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच कुणी विचारत नाही. ज्याच्या अंगाला तोंड लागतंय त्याला टाइप १ आधीपासून आहे का? असेल, तर त्याच टाइपचा संसर्ग दुसऱ्या जागी नव्यानं होणं फार दुर्मिळ. शरीर त्याला ओळखतं. माझ्या नवऱ्याला म्हणूनच माझ्यापासून भीती नाही, त्याला तो आधीच आहे. हे कळल्यावर मी किती हलकी झाले ते सांगता येत नाही, कारण तोवर मी स्वतःला विषारी समजत होते, त्याचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, कमोडवर बसायच्या आधी आणि नंतर फिनाइल. त्याची काही गरज नव्हती. हा विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाही, कमोडवरून लागत नाही.

धोक्यात असतात माझ्यासारख्या, ज्यांना लहानपणी तो मिळालाच नाही. आणि अशा माणसांची संख्या काही देशांत वाढतेय. अमेरिकेत १४ ते १९ वयाच्या मुलांमध्ये टाइप १ चं प्रमाण १९९९ ते २००४ या काळात ३९ टक्के होतं, ते २००५ ते २०१० मध्ये ३० टक्क्यांवर आलं. लहानपणी ओठावर आला नाही, की तरुणपणी पहिली गाठ थेट अंथरुणात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अंदाजात २०२० साली १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३७ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियाचा टाइप १ होता. एवढ्या सगळ्यांनी आपापल्या नवरा-बायकोला फसवलं असेल का?

तिसरा प्रश्न, ओठावर आत्ता काही आहे का. फोड दिसतोय तेव्हा धोका सर्वात जास्त. पण सुरुवात फोडापासून धरायची नाही, चुरचुरण्यापासून धरायची. ज्याला नेहमी येतो त्याला आदल्या दिवशीच कळतं, ओठ शिवशिवतो, ताणल्यासारखा वाटतो. तिथपासून खपली गळून खाली कोवळी त्वचा नीट येईपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस, पापी नाही आणि ओरल नाही. तारकर्लीच्या त्या संध्याकाळी आम्हाला एवढं एकच वाक्य माहीत असतं, तर बहुधा एवढ्यावरच निभावलं असतं.

आणि उलट दिशा? म्हणजे ज्याच्या जननेंद्रियावर हर्पीस आहे त्याला ओरल देणाऱ्याचं काय? ते होतं, पण तोंडात टाइप २ जाऊन बसणं विरळा, आणि बसला तरी तो तिथं क्वचित उलटतो. टाइप २ मुख्यतः योनीमैथुन आणि गुदमैथुनातून पसरतो. तोच जास्त त्रासाचा, वारंवार उलटणारा. टाइप १ खाली बसला तर त्याचा स्वभाव बराच शांत असतो.

निरोध वापरला तर? पुरुषाला ओरल देताना निरोध, आणि बाईच्या बाबतीत मध्ये धरायचा पातळ रबरी पडदा, ज्याला डेंटल डॅम म्हणतात. आमच्या औषधवाल्याला तो शब्दच माहीत नव्हता. निरोध टोकाला कापून उभा चिरला की चौकोनी पडदा होतो, तो चालतो. यानं धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण फोड पडद्याबाहेरच्या त्वचेवरही असू शकतो. हे मी लपवणार नाही. पूर्ण बिनधोक असं काही मला कुणी सांगितलं नाही आणि मीही सांगत नाही.

औषधाबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. असायक्लोव्हिर, ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. मला दहा दिवस दिलं. पहिल्यांदा होतो तेव्हा लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांत सुरू केलं तर सर्वात उपयोगी, माझं उशिरा सुरू झालं तरी चौथ्या दिवशी मी रडल्याशिवाय लघवीला जाऊ शकले. ही गोळी गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाच्या कामातून आली, १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. गोळीची युक्ती मला फार सुंदर वाटते. पोटात जाते तेव्हा ती निद्रिस्त असते. निरोगी पेशीत ती जवळजवळ काहीच करत नाही. विषाणू ज्या पेशीत शिरलाय तिथं त्याचंच एक विकर (एन्झाइम) तिला जागं करतं, आणि जागी झालेली गोळी त्या विषाणूच्या नव्या प्रती बनणं थांबवते. तो मज्जातंतूत झोपलेला असताना मात्र ती त्याला हात लावू शकत नाही, म्हणून मुळासकट जात नाही. महाग नाही. आणि सरकारी रुग्णालयांतल्या, लैंगिक आजारांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लाल रंगाचा ५ नंबरचा किट फुकट मिळतो, त्यात हीच गोळी सात दिवसांची असते. मला हे नंतर कळलं. तिथं समुपदेशक असतात आणि त्या पुटकुळी बघून दचकत नाहीत.

पुढे काय झालं म्हणाल, तर पहिल्या वर्षात एकदा, दिवाळीच्या जागरणानंतर, दोन बारीक पुटकुळ्या आल्या आणि चार दिवसांत गेल्या. त्यानंतर आजपर्यंत काही नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ८२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, जननेंद्रियाला पहिल्यांदाच टाइप १ झालेल्यांचा. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा १२ टक्के दिवशी विषाणू त्वचेवर सापडत होता, अकरा महिन्यांनी ७ टक्के दिवशी. माझ्या शरीराच्या आत तसाच काहीतरी उतार चालू आहे, असं मी समजते. 'जन्मभर' हा शब्द त्या रात्री वाचला तेव्हा मला जन्मभर फोड, असं वाटलं होतं. तसं नाही. जन्मभर झोपलेला, असं वाचायला हवं होतं.

थोरल्या बहिणीला मी 'हर्पीस' म्हणाले तेव्हा ती हादरली. "नागीण? अगं, तिचा विळखा पूर्ण झाला तर..." कागलजवळच्या एका गावात नागीण उतरवणारे आहेत म्हणून ती पत्ता द्यायला निघाली होती. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, कांजिण्यांचा विषाणू म्हातारपणी किंवा अशक्तपणात पुन्हा उठतो ती. नात्यातला आहे, पण हा नव्हे. आणि नागिणीचाही विळखा पूर्ण होऊन कुणी मरत नाही. तिला हे समजावताना मला कळलं की आपल्याकडे नागिणीला नाव आहे, कांजिण्यांना नाव आहे, देवी आणि गोवराला नाव आहे, पण ओठावरचा जो फोड घरोघरी आहे त्याला आपण नुसता 'ताप' म्हणून सोडून दिलंय. ताप म्हटल्यावर तो लागेल असं कुणाला वाटणार?

म्हणून मावसबहीण गरोदर राहिली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, माझ्यासकट. तिला सातवा होता. ती मला ताई म्हणते, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आमच्या मावशीकडे कुणालाच कधी ओठावर फोड नाही, आणि तिच्या नवऱ्याला दर पावसाळ्यात येतो. मी म्हटलं, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जर पहिल्यांदाच खाली संसर्ग झाला, तर जन्मताना बाळाला लागायची शक्यता ३० ते ५० टक्के असते. आईच्या शरीराला विरोधी द्रव्यं करून बाळाला द्यायला वेळच मिळालेला नसतो. आणि माझ्यासारखीला, जिला आधीच होऊन गेलाय, तिच्या बाळाला ती शक्यता १ टक्क्याहूनही कमी. मी जेव्हा गरोदर राहीन तेव्हा डॉक्टरांना सांगेन, ३६ व्या आठवड्यापासून गोळी घेईन, आणि प्रसूतीच्या वेळी फोड असले तर सिझेरियन होईल. माझी वाट ठरलेली आहे. "तुझी ठरलेली नाही, म्हणून विचारतेय," मी म्हणाले.

ती बराच वेळ फोनवर गप्प होती. मग हळूच म्हणाली, "ताई, आम्ही करतो. ओरल." ती लाजली, मी लाजले, पण बोललो. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिची टाइपनिहाय आयजीजी करून घेतली, दोन्ही निगेटिव्ह. बाळंत होईपर्यंत ओरल बंद, ओठ चुरचुरला की पापीही बंद. तिच्या नवऱ्यानं ते एका दिवसात मान्य केलं. तो एवढंच म्हणाला की हे मला शाळेत का नाही सांगितलं. जुलैमध्ये त्याला फोड आला, आठ दिवस तो हॉलमध्ये झोपला. रागानं नाही.

बाळ सुखरूप आलं, मुलगी, दोन किलो नऊशे. बाराव्या दिवशी बारसं. आणि त्याच सकाळी, बारशाला निघतानाच, माझ्या नवऱ्याचा ओठ शिवशिवायला लागला. अडीच-तीन तासांचा प्रवास, काल रात्रीचं जागरण. तो म्हणाला, मी येतच नाही. मी म्हटलं, ये, पण मास्क लाव. तान्ह्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू लागला तर तो ओठावर थांबेलच असं नाही, मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो. आणि या बाळाला आईकडून त्याविरुद्धचं काहीच मिळालेलं नव्हतं.

तो दाराशी उभा राहिला. पाळणा हलत होता, बायका कुजबुजत होत्या, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. मावशीनं बाळ उचललं आणि सरळ त्याच्याकडे आली. "घ्या की जावई, लांब का उभे? एक पापी घ्या नातीची."

तो दोन पावलं मागे सरला. मास्कवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, ओठावर ताप फुटतोय."

"मग काय झालं? तूप देते."

पाळण्याशेजारून मावसबहीण म्हणाली, "आई, थांब. ते बरोबर करतायत. इकडे ये, सांगते तुला."

मावशी पलंगावर तिच्याजवळ बसली. मुलीनं आईच्या कानाशी लागून काय काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, फार वेळ लागला नाही. मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. नंतर अर्ध्या तासात बाळ पाच-सहा जणांच्या हातात गेलं. प्रत्येकाच्या हातात देताना मावशी आधी त्याच्या ओठांकडे निरखून पाहत होती.